हिशेब नंतर

नातीची वक्तृत्व स्पर्धा होती म्हणून गेलो होतो. ऑगस्टातला पाऊस, सभागृहावर पत्रे, त्यामुळे माइक असूनही निम्मं भाषण पावसानेच खाल्लं. मागच्या बाकांवर ओल्या रेनकोटांचा वास, पुढे परीक्षकांच्या टेबलावर बशीखाली झाकलेले पेढे आणि वेफर. नात पाणीटंचाईवर बोलली. मे महिन्यात वाडीत टँकर किती आले, कागदावर किती लागले, आणि ग्रामसभेत हे कुणी विचारलं की मोठ्या माणसांना एकदम कसा खोकला येतो, असं सगळं तिने हातवारे करून सांगितलं. लोक हसले, परीक्षकही हसले. मग नववीतला एक मुलगा उभा राहिला. विषय होता सैनिकांचा. मुलगा खरोखर तयारीचा. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं येत होतं. शेवटाकडे त्याने मूठ वर करून म्हटलं, "युद्धाच्या वेळी प्रश्न विचारायचे नसतात. प्रश्न नंतर विचारता येतात. आधी देश!" पावसाच्या वर टाळ्या गेल्या. मीही वाजवल्या.

वाजवणारच. २०२५चा मे महिना कुणी विसरलेलं नव्हतं. आपल्या जिल्ह्यातही मॉक ड्रिल झालं, भोंगा वाजला, आंब्याच्या पेट्या भरायच्या सोडून लोक रस्त्यावर येऊन आभाळाकडे बघत राहिले. माझ्या मावसभावाचा मुलगा नेव्हीत आहे. त्या चार रात्री वहिनी हातात मोबाइल घेऊन ओटीवर बसून होत्या, आणि आत टीव्हीवर स्टुडिओतली माणसं पाकिस्तानातली शहरंच्या शहरं घेत सुटली होती. तेव्हा माझ्या पोटात जे कालवत होतं त्यात अभिमान होता, भीती होती, आणि टीव्हीचा राग होता. यातलं कुठलं किती, ते मला अजून सांगता येणार नाही. मुलाला पहिला नंबर मिळाला, नातीला उत्तेजनार्थ. रिक्षात ती गाल फुगवून बसली होती आणि माझ्या डोक्यात त्या मुलाचं वाक्य अडकून राहिलं होतं.

नंतर म्हणजे कधी?

मुलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. वाऱ्यापावसात बोट सापडली की तांडेलाशी कुणी हुज्जत घालत नाही. पण बोट धक्क्याला लागली की हिशेब बसतो. डिझेल किती जळलं, बर्फ किती, जाळं कुणाच्या चुकीने फाटलं, वाटे कसे पडायचे. तिथे खलाशी गप्प बसत नाहीत आणि तांडेलही 'मी तुम्हाला वादळातून आणलं' असं म्हणून वही मिटवत नाही. लढाईच्या बाबतीत हा धक्का कुठे असतो, हे मी तेव्हापासून शोधतोय. वाचलेलं, ऐकलेलं, घरात घडलेलं, सगळं एकामागून एक आठवत गेलं आणि त्याला काही क्रम राहिला नाही.

गणपतीत पुण्याहून पाहुणे आले. रत्नागिरीत पाहुणे आले की थिबा पॅलेस दाखवावाच लागतो, त्यातून सुटका नाही. जांभ्याचा तो लालसर वाडा, लाकडातली नक्षी, अर्धगोल खिडक्यांतून दिसणारी भाट्याची खाडी. पावसाळ्यात आत शिरलं की जुन्या लाकडाचा आणि ओलीचा एक वास येतो, मला तो आवडतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, ज्याचं राज्य घेऊन इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं, दुर्बिणीतून खाडीत येणारी जहाजं बघत बसायचा, असं सांगतात. पाहुणे सेल्फी काढत होते. मी एका खिडकीपाशी टेकून विचार करत होतो, की हा माणूस इथे आला तो कुणाच्या मताने? रत्नागिरीच्या तर नाहीच. पण ज्यांनी आणला त्या इंग्लंडात तेव्हा निवडणुका होत होत्या, पार्लमेंट होतं, आदल्याच वर्षी खेड्यातल्या मजुरांपर्यंत मताचा हक्क पोचला होता. लोकशाहीचा त्यांना केवढा तोरा! मग त्या लोकशाहीला कुणी विचारलं का?

तारखा लावून बघितल्या की गंमत कळते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सागवान जास्त नेऊन कमी दाखवलं, म्हणून थिबाच्या मंडालेच्या दरबाराने कंपनीला तेवीस लाखांचा दंड लावला. शिवाय थिबा फ्रेंचांशी बोलणी करतोय, ही लंडनची पोटदुखी. २२ ऑक्टोबर १८८५ला निर्वाणीचा खलिता गेला. नोव्हेंबरच्या मध्यावर फौज इरावतीतून बोटींनी वर निघाली. तेव्हा पार्लमेंट चालूच नव्हतं; १८ नोव्हेंबरला तर ते रीतसर विसर्जित झालं आणि सगळे पुढारी प्रचाराला लागले. भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल बर्मिंगहॅममध्ये उभे होते (आणि तिथे पडले, हे आपलं जाता जाता). जेमतेम दोन आठवड्यांत लढाई आटोपली. १ जानेवारी १८८६ला ब्रह्मदेश साम्राज्याला जोडल्याचा जाहीरनामा निघाला, आणि नवं पार्लमेंट पहिल्यांदा भरलं १२ जानेवारीला. एक राज्य गिळून झालं, मग सभागृहाची दारं उघडली. हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या मोहिमेला हिंदुस्थानचा महसूल वापरायचा तर दोन्ही सभागृहांची संमती हवी, असं १८५८च्या कायद्यात लिहिलेलं होतं. ती संमती फेब्रुवारीत घेतली, म्हणजे बार उडाल्यावर दारूगोळ्याची मंजुरी. मधल्या काळात सरकारही बदललं, ग्लॅडस्टन पंतप्रधान झाले. ब्रह्मदेश मात्र त्यांनीही ठेवूनच घेतला. दोन आठवड्यांची म्हणून जी लढाई मोजली गेली तिच्यामागून तिथल्या रानात काही वर्षं चकमकी चालल्या आणि फौज वाढवतच न्यावी लागली. त्या फौजेचा खर्च भरणाऱ्या रयतेत आमचे पणजोबा असणारच, कारण शेतसारा सगळेच भरत होते.

आणि त्याच डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत ७२ माणसं जमली होती. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. शाळेत आपण ते वर्ष आणि अध्यक्षांचं नाव पाठ केलं, ठराव काय केले ते कुणी शिकवलं नाही. त्यातला एक ठराव वाढत्या लष्करी खर्चाच्या विरुद्ध होता, आणि एक उत्तर ब्रह्मदेश जोडून घेण्याच्या विरुद्ध. घ्यायचाच असेल तर हिंदुस्थानच्या गळ्यात बांधू नका, वेगळी वसाहत करा, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. या लोकांना मत नव्हतं, सत्ता नव्हती, सभ्य इंग्रजीत विनंती करण्यापलीकडे हातात काही नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, तेही फौजा रानात असताना. दोन दिवसांत जाहीरनामा निघाला, तो भाग वेगळा.

मंडालेच्या राजवाड्याच्या कोटाला डफरिन किल्ला असं नाव पडलं. व्हाइसरॉयचंच नाव. कोटाच्या आत तुरुंग होता, आणि १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच तुरुंगात गेले. तिथला राजा इथे, इथला माणूस तिथे, हा योगायोग पॅलेसमधला प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. मला त्यात योगायोग कमीच वाटतो. परक्या मुलखात लढाई करून मिळवलेली जागा पुढे घरच्यांना डांबायला उपयोगी पडली, इतकं ते साधं आहे.

इंग्रजांचं जाऊ दे, ते साम्राज्यच होतं, असं कुणी म्हणेल. मग अमेरिका घ्या. ऑगस्ट १९६४मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं सांगून राष्ट्राध्यक्षांनी लढण्याची मोकळीक मागितली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता. विरोधात उभे राहिलेले ते दोघे, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग, १९६८च्या निवडणुकीत घरी बसले. ठराव रद्द व्हायला जानेवारी १९७१ उजाडलं, आणि रद्द झाल्यावरही व्हिएतनाममधलं युद्ध चालूच राहिलं. म्हणजे परवानगी काढून घेतली तरी गाडी थांबली नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबर २००१ला, पुन्हा तेच. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध एक. ती एक बाई, बार्बरा ली. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण द्यावं लागलं. त्या दिवशी दिलेली मोकळीक साठ-एक शब्दांची आहे आणि ती आजही कायद्यात आहे. ज्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती त्याच शब्दांच्या आधाराने परक्या देशात बंदूक घेऊन उभी राहिली. एवढी जुनी, एवढी गाजलेली लोकशाही, पण घाबरलेल्या एका आठवड्यात सही केलेला कागद तिला परत घेता येत नाही. मला तोफांपेक्षा याचीच जास्त धास्ती वाटते. लढाई करायची सवय लागली की विचारायची सवय सुटते, आणि ती सुटलेली कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण निवडणुका होतच असतात.

हिशेब होतच नाही असं मात्र नाही. आमच्या बंदरालगतच्या मोहल्ल्यातले एक चाचा कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९०ला सद्दामचं सैन्य घुसलं आणि चाचा अंगावरच्या कपड्यांनिशी वाळवंटातून जॉर्डनला पोचले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आणली, त्यात ते. घरी आले तेव्हा पायाला चप्पल दोन वेगवेगळ्या होत्या, हे चाची अजून सांगतात. पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचे अर्ज मागवले. मी बँकेत, म्हणून मोहल्ल्यातले बरेच अर्ज माझ्याच टेबलावर भरले गेले. नोकरीचा पुरावा काय, तर कुणाकडे कंपनीचं ओळखपत्र, कुणाकडे नुसती बसची पासं. पैसे यायला काही वर्षं गेली, पण आले, आणि ते इराकच्या तेलातून आले. तो शेवटचा हप्ता इराकने जानेवारी २०२२मध्ये भरला. एकूण ५,२४० कोटी डॉलर. हरलेल्याचा हिशेब असा पैशापैशाने, एकतीस वर्षं झाला. आता दुसरी बाजू. २००३च्या मार्चात ब्रिटिश संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी इराकवर चालून जायला संमती दिली. लंडनच्या रस्त्यांवर त्याच्या महिनाभर आधी लाखो लोक 'नको' म्हणून उतरले होते. शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, असं सांगणारा चिल्कॉट समितीचा अहवाल आला जुलै २०१६मध्ये. बारा खंड. तोवर पंतप्रधान ब्लेअर पायउतार होऊनही नऊ वर्षं झाली होती. चाचांना अर्जासोबत बसचा पास जोडावा लागला होता.

आपल्याकडे वळलो की जीभ जरा जड होते. ते साहजिक आहे, घरचं असतं. आमच्या आजीने १९६२ साली संरक्षण निधीला पाटल्या दिल्या. देवगडकडच्या आमच्या गावात मामलेदार आले होते, देवळाच्या सभामंडपात सभा झाली, आणि आजीने तिथेच साबण न लावता हात चोळून चोळून पाटल्या काढल्या. मनगट सोलवटलं होतं म्हणे. हे मी ऐकलेलं. पण पाटल्यांची पावती मी पाहिलेली आहे. पिवळी पडलेली, चार घड्यांवर विरलेली, ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलेली. त्याच दिवसांत यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून अख्ख्या महाराष्ट्राची मान ताठ झाली. आजीचीही झाली. पण निवडणुकीला मत मागायला कुणी आलं, कुठल्याही पक्षाचा, की आधी त्याला पाणी, गूळ, आणि मग प्रश्न: "माझ्या पाटल्यांचा पुढे काय झाला, तां सांग." पाहुणे कसनुसे हसायचे. वडील ओशाळायचे. त्यांना वाटायचं, दिलेल्या दानाचा हिशेब मागणं बरं दिसत नाही. आजी म्हणायची, "दान देवाक. ह्या मी सरकाराक दिलंय." तिच्या डोक्यात देणं आणि विचारणं यांत भांडण नव्हतंच. दिलं म्हणूनच तर विचारायचं.

आणि त्या वेळी दिल्लीतही ते भांडण नव्हतं, हे विसरलं जातं. वाजपेयींसारख्या विरोधकांनी मागणी केली आणि ८ नोव्हेंबर १९६२ला, चिनी फौजा आत असताना, लोकसभा भरली. दीडशेच्या वर सदस्य बोलले. नेहरूंना समोर बसवून बोलले. त्या आठवड्यात आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळाबाहेर जावं लागलं. त्या नववीतल्या मुलाला कुणीतरी हेही शिकवायला हवं होतं. पण हीच गोष्ट पुढे सरकवली की रंग उतरतो. महिन्याभरात लढाई थांबली, तिच्यासाठी लावलेली आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ला. पराभव का झाला ते तपासणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३मध्येच तयार होता. तो आजही अधिकृतपणे बंद आहे. २०१०मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितलं, की त्यातला मजकूर अजूनही लष्करी कामाच्या दृष्टीने मोलाचा आहे. २०१४च्या मार्चमध्ये विरोधी बाकावरच्या जेटलींनी तो खुला करा म्हणून जोर लावला. जुलैत तेच संरक्षणमंत्री होते, आणि खुला करणं राष्ट्रहिताचं नाही, असं लेखी उत्तर त्यांनी राज्यसभेत दिलं. याला पक्ष नसतो. कारगिलनंतर मात्र तीन दिवसांत सुब्रह्मण्यम समिती बसली आणि पुढच्या फेब्रुवारीत तिचा अहवाल, काही भाग गाळून का होईना, संसदेपुढे आला. सैन्याचं त्याने काही बिघडलं नाही.

१९७१चं युद्ध अन्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही. तसं कुणी म्हटलेलं मला ऐकवणारही नाही. 'खुकरी' ही आपली युद्धनौका बुडाली त्या रात्रीबद्दल आमच्याकडची म्हातारी माणसं अजून आवाज खाली आणून बोलतात. पण ३ डिसेंबरला लावलेली बाह्य आणीबाणी तेरा दिवसांत युद्ध जिंकल्यावर उठली नाही. ती तशीच राहिली, फळीवर ठेवून विसरल्यासारखी. २५ जून १९७५ला अंतर्गत आणीबाणी आली ती या जुन्या आणीबाणीवर चढवलेली दुसरी. माणसं धरली ती 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आणि तो कायदाही १९७१चाच, सरहद्द तापलेली असताना केलेला. आमच्या राजापूरचे खासदार मधु दंडवते पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या समितीच्या कामाला बंगळूरला गेले होते. वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर त्यांनाही तिथेच उचललं.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. वडील शाळामास्तर, म्हणजे सरकारी माणूस. आकाशवाणीच्या बातम्या मोठ्याने लागायच्या, त्या संपल्या की वडील उठून खिडकी ओढून घ्यायचे आणि बीबीसी इतकी बारीक लावायचे की ऐकायला रेडिओला कान टेकवावा लागे. कंदिलाची काच काळी पडलेली असायची, ती पुसायलाही कुणी उठत नसे. आजी पडवीत सुपारी कातरत असायची. अडकित्त्याचा आवाज मोठा येतो म्हणून वडील तिला थांब म्हणायचे, आणि ती मुद्दाम थांबायची नाही. पत्रात काही लिहू नका, एसटीत कुणाशी बोलू नका, दंडवत्यांचं नाव वर्गात काढू नका. आमच्या खासदाराचं नाव घ्यायची चोरी! आणि हे सगळं सुरक्षेच्या नावाखाली. चार वर्षांपूर्वी सुरक्षा म्हटलं की आम्ही पोरं फुशारून जायचो, लाकडाच्या बंदुका करून पाकिस्तान-पाकिस्तान खेळायचो. त्याच नावाने आता वडील खिडकी ओढून घेत होते.

मार्च १९७७मध्ये मतदान झालं. आजी काठी टेकत गेली, वडील तिच्यामागून गेले आणि कुणाला दिलं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. राजापूरने दंडवत्यांना निवडून दिलं. नवं सरकार आलं आणि महिना संपायच्या आत १९७१ची आणीबाणी उठली. तेरा दिवसांच्या युद्धाची, सव्वापाच वर्षांनी. पुढे 'मिसा' गेला, आणि घटनेतलं अंतर्गत अशांततेचं ढगळ कलम आवळून तिथे सशस्त्र उठाव असं लिहिलं गेलं. दंडवते रेल्वेमंत्री झाले. आता आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की पहिल्यांदा कोकण रेल्वेच आठवते, ते योग्यच आहे. गणपतीला गाडीत जागा मिळाली की त्यांना दुवा देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि न मिळाल्यावर त्यांच्या नावाने ओरडणारेही. बंगळूरच्या तुरुंगाचं विचारलं तर मात्र माझ्या नातीच्या इतिहासाच्या सरांनाही आधी आठवेना, मग म्हणाले, "हो हो, तेही होतं. पण परीक्षेला नाही ते."